आधी गाडी ठरवा, मग गाव: ठाणे-पनवेलहून रात्रीच्या रेल्वेचा हौशी प्रवास

कामासाठी निघालेला माणूस आधी गाव ठरवतो, मग त्या गावाची गाडी शोधतो. हौसेने निघणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. इथे गाव दुय्यम असतं. गाडी किती वाजता कुठून जाते, खिडकीबाहेर उजेड असताना काय दिसतं आणि झोपेच्या वेळात काय हुकतं, यावर सगळा प्रवास ठरतो. एकाच मार्गावरच्या दोन गाड्यांपैकी एक डोळ्यांचं पारणं फेडते आणि दुसरी नुसती पोहोचवते. दोघींच्या भाड्यात मात्र फारसा फरक नसतो.

घड्याळ मांडून बसा

वेळापत्रक घ्या आणि त्यावर सूर्य मांडा. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं आणि सातनंतर उजाडतं. जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो आणि सहाला पुन्हा दिसू लागतं. आता ज्या टप्प्यासाठी जायचं आहे तो टप्पा या उजेडात येतो का, ते बघा.

कोकणाचंच उदाहरण घ्या. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, ठाण्याला बाराच्या आत येते आणि झपाझप निघून जाते. उजाडतं तेव्हा ती रत्नागिरी ओलांडून राजापूर, वैभववाडी, कणकवलीच्या बाजूला असते. म्हणजे उक्षी-भोके दरम्यानचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि रत्नागिरीच्या पुढचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल दोन्ही झोपेत गेले. तुतारी दादरहून रात्री १२:०५ला सुटते आणि जास्त स्टेशनं घेत रमतगमत जाते. लोक तिला रेंगाळणारी गाडी म्हणतात, पण रत्नागिरीच्या आसपास तिला उजाडतं आणि पुढचा सावंतवाडीपर्यंतचा पट्टा सगळा दिवसाउजेडी मिळतो. हौशी माणसाने तुतारीच धरावी.

याहून लांब जायचं असेल तर नेत्रावती आहे. ती लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारच्या आधी निघते, ठाणे-पनवेल करत दिवसभर कोकण दाखवते, रात्री गोवा आणि कारवार ओलांडते. पहाट कासरगोड-कण्णूरच्या बाजूला होते आणि दुसरा पूर्ण दिवस केरळात जातो. मत्स्यगंधाही याच वाटेने जाते, पण दुपारी उशिरा सुटत असल्यामुळे रत्नागिरी येईपर्यंत बाहेर काळोख असतो. शरावतीवरचा दोन किलोमीटरचा पूल मात्र दोघींच्याही प्रवासात रात्रीच येतो. त्यासाठी त्या बाजूची दिवसाची गाडी वेगळी शोधावी लागेल.

घाटावर जायचं तर नागपूरच्या गाड्या पाहा. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. झोपायला आणि सकाळी कामाला पोहोचायला ती उत्तम, पण कसारा घाट अंधारात जातो. सेवाग्राम एक्स्प्रेस दुपारी तीनच्या सुमारास निघते आणि कसारा ते इगतपुरी हा टप्पा सूर्य मावळायच्या आत चढते. हा चढ ३७ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. त्यासाठी कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. गाडी तिथे थांबली की ‘सिग्नल नाही वाटतं’ म्हणून कंटाळू नका. मागच्या डब्यात असाल तर इंजिन जोडल्याचा धक्का जाणवतो आणि मग गाडीचा आवाजच बदलतो.

पहिल्यांदाच जात असाल तर १० ते १४ तासांची एकच रात्र निवडा. दोन रात्रींची गाडी दुसऱ्या दुपारी जड होते. बाथरूम मळलेलं असतं, वाचायचं संपलेलं असतं आणि समोरच्या काकांच्या गोष्टीही. सर्वांत चांगला मेळ असा: जाताना रात्रीची गाडी, येताना दिवसाची. मडगावहून मुंबईला येणाऱ्या जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो. ती दुपारी सुटते, म्हणून रात्री जे झोपेत हुकलं त्यातलं उजेड असेपर्यंत येईल तेवढंच येताना त्यात बसून पाहता येतं.

पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. कोकण रेल्वेवर दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेगळं वेळापत्रक लावतात. २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. गाड्यांच्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा तासाभराने किंवा त्याहून जास्त सरकतात. जूनच्या वेळा मे महिन्यात पाठ करून ठेवलेला माणूस हमखास फसतो.

ठाणे, कल्याण की पनवेल

कोकणाकडे जाणारी गाडी दिव्याला मुख्य मार्ग सोडून तळोज्यावरून पनवेलला जाते. म्हणून ती कल्याणला येतच नाही. उलट नाशिक-नागपूरकडची किंवा कर्जतवरून पुण्याकडे जाणारी नेहमीची गाडी ठाणे-कल्याण करत जाते, तिचा पनवेलशी संबंध नाही. डोंबिवलीकर कोकणकन्येसाठी कल्याणला जाऊन उभे राहतात ते याच घोटाळ्यामुळे. त्यांना ठाणं गाठायला हवं. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर इथल्यांनी कोकणासाठी पनवेल आणि नागपूरसाठी ठाणं धरावं.

प्रत्येक लांब पल्ल्याची गाडी ठाण्याला थांबत नाही. तिकीट काढण्याआधी थांब्यांच्या यादीत ठाणे आहे का ते बघा. ‘सगळ्याच थांबतात’ या भरवशावर राहू नका.

ठाण्याचा थांबा सहसा दोन-तीन मिनिटांचा. पनवेलला थोडा जास्त वेळ मिळतो. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि चार बॅगा असतील तर नवी मुंबईकरांनीच काय, कळव्याच्या लोकांनीही पनवेलचा विचार करावा. ठाण्याहून पनवेलला ट्रान्सहार्बर लोकलने साधारण तास लागतो आणि रात्री गाड्या विरळ होतात, हे मात्र धरून चाला.

बाराच्या पुढची तारीख

दर सुट्टीत काही कुटुंबं याच चुकीने घरी परततात. शुक्रवारी रात्री निघायचं आहे असं समजा. कोकणकन्या ठाण्याला रात्री बाराच्या आत येते, म्हणून ठाण्याहून चढणाऱ्याच्या तिकिटावर शुक्रवारची तारीख. तीच गाडी पनवेलला बारा वाजून गेल्यावर पोहोचते, म्हणून पनवेलहून चढणाऱ्याच्या तिकिटावर शनिवारची तारीख. तुतारी तर दादरहूनच १२:०५ला सुटते. म्हणजे शुक्रवारी जेवून घराबाहेर पडायचं असलं तरी सगळ्याच स्टेशनांवरून तिकीट शनिवारचं.

शनिवारची तारीख पाहून लोक शनिवारी रात्री जेवून आरामात स्टेशनवर येतात. तेव्हा त्यांची गाडी सुटून जवळजवळ चोवीस तास झालेले असतात. उपाय साधा आहे. कॅलेंडरवर ‘शनिवार १२:३५’ असं न लिहिता ‘शुक्रवारी रात्री जेवून निघणे’ असं लिहा आणि घरातल्या सगळ्यांना तेच सांगा.

तिकीट

१ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. १० जानेवारीला सुटणाऱ्या गाडीचं बुकिंग ११ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता सुरू होतं. हे दिवस गाडी मूळ स्टेशनहून सुटते त्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे वरच्या उदाहरणात पनवेलचं शनिवारचं तिकीटही शुक्रवारच्या हिशोबाने उघडतं. एक दिवस उशिरा बसलात तर जागा गेलेल्या असतात.

आदल्या दिवशी करायची कामं:

१. आयआरसीटीसीचं खातं उघडून बघा, पासवर्ड चालतो का आणि आधार पडताळणी झाली आहे का. बुकिंग उघडतं त्या सकाळी आधार नसलेल्या खात्यांना शर्यतीत उभंच राहता येत नाही. तात्काळसाठीही १ जुलै २०२५पासून हीच अट आहे.

२. प्रवाशांची नावं आणि वयं ‘मास्टर लिस्ट’मध्ये भरून ठेवा. एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ जण, तात्काळवर ४.

३. पैसे भरायची एक पद्धत ठरवा आणि मोबाइलला रेंज कुठे चांगली येते ते बघून ठेवा. ओटीपी उशिरा आला की जागा दुसऱ्याची.

४. परतीच्या तिकिटाचा दिवस वेगळा मोजा. तो तीन-चार दिवसांनी उघडतो, आणि नेमका तोच दिवस विसरला जातो.

ठाण्यापासून वेटिंग दाखवत असेल तर सीएसएमटी किंवा गाडीच्या मूळ स्टेशनपासून शोधून बघा. सर्वांत मोठा कोटा मूळ स्टेशनपासून शेवटच्या स्टेशनपर्यंतचा असतो. मधल्या स्टेशनांच्या वाट्याला थोड्याच जागा येतात, आणि त्या संपल्या की गाडीत बर्थ मोकळे असूनही तुम्हाला वेटिंगच दिसतं. म्हणून मूळ स्टेशनपासून तिकीट काढून ‘बोर्डिंग’ (चढायचं स्टेशन) ठाणे किंवा पनवेल करा, भाड्यात फरक किरकोळ पडतो. बोर्डिंग बदलल्यावर मात्र मूळ स्टेशनहून चढायचा हक्क जातो. आणि बोर्डिंग न बदलता ठाण्याला चढायचं ठरवलंत, तर सीएसएमटीला तुम्ही दिसला नाहीत म्हणून टीसी जागा आरएसीवाल्याला (अर्धाच बर्थ मिळालेल्याला) देऊन मोकळा होऊ शकतो.

वेटिंगच्या भरवशावर हौसेचा प्रवास आखू नका. ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी म्हणजे एका साइड लोअरवर दोन माणसं. चढता येतं, पण रात्र बसून जाते. बसून रात्र काढण्यात हौस नाही.

तात्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ वाजता. निश्चित झालेलं तात्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत. गणपतीत, मे महिन्यात, दिवाळीत कोकणाची गाडी हौसेसाठी धरूच नये. ती गर्दी घरी जाणाऱ्यांची असते, जागाही त्यांनाच लागतात.

कुठला डबा, कुठला बर्थ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि पावसातही, कोकणासाठी स्लीपरला तोड नाही. खिडकी उघडते, वास येतो, वारा लागतो. एसी डब्याची काच गडद असते आणि बहुधा बाहेरून धुळकट. फोटोत ती काचच येते. पण स्लीपरमध्ये दिवसा गर्दी घुसते, मे महिन्यात डबा तापतो आणि अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यावं लागतं. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल किंवा मूल अगदी लहान असेल तर टू एसी घ्या. तिथे मधला बर्थच नसतो आणि पडदा असतो. थ्री एसी हा मधला मार्ग. थ्री ई, म्हणजे इकॉनॉमीच्या डब्यात त्याच लांबीत जास्त बर्थ बसवलेले असतात, म्हणून थोडं दाटीवाटीचं वाटतं.

बर्थचे आकडे पाठ करायची गरज नाही, सूत्र लक्षात ठेवा. स्लीपर आणि थ्री एसीत आठाचा एक गट असतो. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अप्पर. पुढच्या गटात हेच ९पासून सुरू. तुमच्या आकड्याला आठाने भागा आणि बाकी बघा. ४७ला बाकी ७, म्हणजे साइड लोअर. बाकी शून्य आली की साइड अप्पर. टू एसीत गट सहाचा: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, ६ साइड अप्पर.

आता कोणता मागायचा? एकट्या हौशी माणसासाठी साइड लोअर, कारण दिवसभर खिडकी पाठीशी किंवा पोटाशी आणि ती कुणाबरोबर वाटून घ्यावी लागत नाही (वरच्या साइड अप्परवाल्याला दिवसा बसायला अर्धी जागा द्यायची, एवढं सोडून). दोन तोटे आहेत. उंच माणसाचे पाय मावत नाहीत, आणि दोन सीट जोडून बर्थ होत असल्याने मधे खाच राहते. काही डब्यांत वरून ओढून घालायची सलग फळी असते, ती शोधा. नसेल तर घडी केलेली चादर त्या खाचेत भरा. कंबर वाचते.

वरच्या बर्थला खिडकी नाही, पण सकाळी उशिरापर्यंत झोपता येतं आणि सामान डोळ्यांसमोर राहतं. मधला बर्थ हौशी माणसाने कधीच मागू नये. रात्री १० ते सकाळी ६ हीच त्याची अधिकृत वेळ आणि बाकी दिवस तो बंद.

डब्याच्या मधले बर्थ घ्या, साधारण २५ ते ४८. टोकांना चाकांचा खडखडाट, दाराची आपटाआपट आणि बाथरूमचा वास. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एकट्याने किंवा तशाच दोघांनी तिकीट काढलं तरच लागतो. आजी-आजोबांचं तिकीट नातवंडांबरोबर एकत्र काढलं की तो मिळत नाही. त्यांचं वेगळं काढा.

सामान

स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान फुकट नेता येतं, पण प्रश्न वजनाचा नसून बर्थखाली मावण्याचा आहे. एका माणसामागे एक मऊ बॅग आणि एक खांद्याची पिशवी. चाकांची कडक मोठी सुटकेस बर्थखाली आडवी जात नाही आणि उभी ठेवली की सगळे तिला ठेचकाळतात.

खांद्याच्या पिशवीत ठेवायचं: मूळ ओळखपत्र, औषधं, साबणाचा कागद किंवा छोटी बाटली, टॉवेल, टॉर्च, पॉवर बँक, कानात घालायचे बोळे, पातळ शाल, पाण्याचा पेला. स्लीपरला याशिवाय एक चादर, एक पांघरूण आणि हवेची उशी. डिसेंबरात खिडकीच्या फटीतून येणारा वारा पहाटे तीनला बोचतो, तेव्हा कानटोपीची किंमत कळते. साखळी आणि कुलूपही घ्या, खालच्या बर्थखाली त्यासाठी कडी असते. रबरी स्लिपर हवीच. बूट घालून बाथरूमला जाणं आणि परत बर्थवर चढणं हे रात्री दोनला जमत नाही.

चार्जिंगच्या सॉकेटवर किटली किंवा हीटर लावू नका. तिथला दाब ११० व्होल्टचा आणि वायरिंग फोनपुरतं. भार वाढला की आगीचा धोका, आणि तो गुन्हाही आहे. काही गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग बंद ठेवतात, म्हणून फोन दहाच्या आत भरून घ्या.

दुसरा डबा

मराठीत गाडीचाही डबा आणि जेवणाचाही डबा. दुसरा चुकला तर पहिल्यात मन लागत नाही.

प्रवासाच्या पोळ्या म्हणजे दशम्या. एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, मीठ, आणि पाण्याचा थेंब न घालता पाऊण ते एक वाटी दूध घालून मळा. सहा-सात दशम्या होतात. साध्या पोळीचं सकाळी चामडं होतं, दशमी दुसऱ्या दुपारपर्यंत मऊ राहते. माणशी चार धरा, तीन रात्री आणि एक सकाळच्या चहाबरोबर. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि धपाटेही टिकतात. सोबत शेंगदाण्याची किंवा सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, लिंबाचं लोणचं, गूळ.

बटाट्याची सुकी भाजी न्यायची असेल तर कांदा आणि ओलं खोबरं घालू नका आणि ती त्याच रात्री संपवा. भाजी आंबते ती उन्हामुळे कमी आणि घाईमुळे जास्त. गरम भाजी डब्यात भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं आणि पहाटेपर्यंत वास येतो. ताटात पसरून पूर्ण गार करा, मग भरा. दशम्यांचंही तेच. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर आणि रस्सा घरीच ठेवा.

पाणी माणशी दोन लिटर, मे महिन्यात तीन. गाडीत घ्यायचं तर रेलनीर मागा. लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५पासून १४ रुपयांना आहे. त्याचा एक कारखाना आपल्याच अंबरनाथला आहे. विक्रेता दुसराच कुठला ब्रँड पुढे करत असेल तर सील तपासून घ्या. लांबच्या प्रवासात आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून पुढच्या मोठ्या स्टेशनवर जेवण मागवता येतं, फक्त गाडी उशिरा धावत असेल तर ते गार होऊन येतं. सकाळच्या चहासाठी सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा, कारण बोगद्यांच्या पट्ट्यात फोनची रेंज जाते आणि यूपीआय अडकतं.

स्टेशनवर

रविवारी निघत असाल तर मेगाब्लॉक बघा. लोकल उशिरा आणि गच्च येतात, सामानासकट चढणं कठीण होतं. घरापासून स्टेशनपर्यंत नेहमी लागतो त्यापेक्षा पाऊण तास जास्त धरा. ठाण्याला गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास फलाटावर हवं. ५ आणि ६ क्रमांकाचे फलाट २०२४च्या मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला मोठा ब्लॉक घेऊन रुंद केले, तरी गर्दीच्या वेळी लोकलचे आणि लांब पल्ल्याचे प्रवासी एकमेकांत मिसळतातच. पनवेलला लोकलचे आणि मोठ्या गाड्यांचे फलाट वेगळे आहेत आणि मधे पूल चढावा लागतो, ती दहा मिनिटं हिशोबात घ्या.

फलाटावर पोहोचलात की आधी डबा कुठे येणार ते बघा. एस म्हणजे स्लीपर, बी थ्री एसी, एम थ्री ई, ए टू एसी, एच फर्स्ट एसी. दर्शकावर डब्यांचा क्रम दिसतो. दर्शक बंद असेल तर हमालाला विचारा, त्याचं उत्तर सहसा चुकत नाही. चुकीच्या टोकाला उभे असाल आणि गाडी आली, तर फलाटावरून धावू नका. समोरच्या आरक्षित डब्यात चढा आणि आतून चालत जा. जनरल डब्यात मात्र चढू नका, तिथून पुढे वाट मिळेलच असं नाही.

चढण्याचा क्रम आधी ठरवा: एक धडधाकट माणूस आधी, मग मुलं आणि म्हातारी माणसं, मग सामान हातोहात, शेवटी दुसरा धडधाकट. सामान आधी चढवून माणसं खाली राहिली, असं दोन मिनिटांत सहज होतं.

गाडी कुठे आहे ते रेलवन किंवा एनटीईएस या रेल्वेच्या ॲपवर बघा. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ला नेट नसलं तरी मोबाइल टॉवरवरून अंदाज येतो. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचंच रद्द केलंत, तर ती तुमच्या स्टेशनहून सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. सुटल्यावर भरलात तर नाही.

गाडीत

बसल्यावर पहिली पाच मिनिटं कामाची. सामान बर्थखाली सरकवा, साखळी लावा, पाण्याची बाटली आणि टॉर्च हाताशी ठेवा. एसीत चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं. पाकीट फाटलेलं असेल तर लगेच बदलून मागा, रात्री अकरानंतर अटेंडंट सापडत नाही. बाथरूमला पाणी आहे का ते सुटल्यावर लगेच बघा. नसेल तर १३९वर किंवा रेलमदतवर पीएनआर देऊन तक्रार नोंदवा. पाणी ठरावीक मोठ्या स्टेशनांवरच भरतात, त्यामुळे तक्रार जितकी आधी, तितकं पुढच्याच स्टेशनवर भरलं जायची शक्यता जास्त.

रात्रीच्या गाडीत चढलात तर दिवे बंद असतात आणि तुमच्या बर्थवर कुणीतरी झोपलेलं असतं. आवाज न चढवता तिकीट दाखवा. बहुतेक वेळा समोरच्याने डबा चुकवलेला असतो. हटत नसेल तर वाद न घालता टीसीला बोलवा.

मधला बर्थ उघडताना दोन्ही साखळ्यांचे हूक पूर्ण बसले का ते हाताने ओढून बघा. डोकं खिडकीकडे, पाय वाटेकडे. त्यामुळे वाटेने जाणाऱ्याचा हात उशीपर्यंत पोहोचत नाही. पण स्लीपरमध्ये फोन खिडकीजवळ ठेवू नका आणि स्टेशनवर गाडी थांबली की खिडकी खाली ओढा. थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून हात घालून फोन नेणं हे दोन सेकंदांचं काम असतं. चपला बर्थखाली आत ढकलून ठेवा.

मधेच रानात गाडी थांबते. कोकणात बराचसा मार्ग एकेरी आहे, म्हणून समोरच्या गाडीला वाट द्यायला छोट्या स्टेशनवर थांबावं लागतं. याला क्रॉसिंग म्हणतात. एक गाडी उशिरा आली की तिच्यासाठी थांबलेली दुसरीही उशिरा होते. अशा थांब्यावर खाली उतरून पाय मोकळे करायचा मोह होतो. उतरू नका. सुटताना हॉर्न वाजतो, पण तो समोरच्या गाडीचा की आपल्या गाडीचा, हे कळायला वेळ लागतो. उघड्या दारातही उभं राहू नका. बोगद्याच्या तोंडाशी हवेचा धक्का बसतो, आणि पावसाळ्यात पायरी बुळबुळीत असते.

पावसाळ्यात एका जेवणापुरतं जास्तीचं खाणं, भाजलेले दाणे, चिवडा, लाडू आणि मुलांचं औषध जवळ असू द्या. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. वांगणी काही दूर नाही, बदलापूरच्या पुढचं स्टेशन.

उतरताना आणि परत येताना

ज्या स्टेशनला उतरायचं त्याच्या आधीच्या मोठ्या स्टेशनला गजर लावा, उतरायच्या वेळेला नव्हे. १३९वर झोपेतून उठवणारा कॉलही लावता येतो, पण रेंजचा भरवसा नसेल तर घड्याळाचाच गजर बरा. बर्थवरची शेवटची तपासणी टॉर्चने करा. चार्जर सॉकेटलाच राहतो आणि चष्मा जाळीच्या कप्प्यात.

गाव सकाळी लवकर लागत असेल आणि हॉटेल दुपारी मिळणार असेल, तर मोठ्या स्टेशनवर पीएनआरवर रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी काही तासांसाठी घेता येते. अंघोळ करून सामान क्लोकरूममध्ये टाकलं की दिवस मोकळा. क्लोकरूमला बॅग कुलूपबंद नसेल तर घेत नाहीत.

परतीची गाडी पनवेलला पहाटे दोन-तीनला टेकवणारी असेल तर घरी कसं जायचं ते निघायच्या आधीच ठरवा. त्या वेळी लोकल नसते आणि पहिली मिळेपर्यंत फलाटावर थांबावं लागतं. रिक्षावाले सांगतील तो दर. गटात चौघं असाल तर टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, आणि गाडी उशिरा धावत असेल तर चालकाला रत्नागिरीहूनच कळवा, कारण पुढे बोगद्यांत रेंज येत-जात राहते.